घरात रांगतं-चालतं मूल आहे? मग आज संध्याकाळी आधी खिडक्या बघा

माझी लेक दीड वर्षाची होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी तिचे हात धुवायला तिला बेसिनपाशी घेतलं तर दोन्ही तळव्यांवर काळ्या रेघा. प्रत्येक हातावर तीन, एकदम सरळ, पट्टीने ओढल्यासारख्या. स्केचपेन म्हणावं तर घरात तोवर स्केचपेन आलेच नव्हते. साबण लावताना बोटाला काजळीसारखं चिकट लागलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, ही स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमधली धूळ आहे. तीन ट्रॅक, तीन रेघा. म्हणजे मी आत कुकरच्या शिट्ट्या मोजत होते तेवढ्या वेळात ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर चढली होती आणि दोन्ही हातांनी खिडकीची खालची पट्टी घट्ट धरून उभी राहिली होती, आम्ही राहतो डोंबिवलीत सातव्या मजल्यावर, काच पूर्ण सरकवलेली होती आणि मधे होती फक्त मच्छरजाळी.

काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पुढचे पंधरा दिवस मी फॅब्रिकेटर, सोसायटीचे सेक्रेटरी आणि मेजरटेप यांच्यातच होते. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितेय. ज्यांच्या घरात नुकतं मूल चालायला लागलंय किंवा जे चाळीतून, बैठ्या घरातून पहिल्यांदाच टॉवरमधे राहायला आलेत त्यांच्यासाठी खास. आणि हो, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पण वाचा. "आम्ही काय एवढे वर नाही" हे मी खूप जणांकडून ऐकलंय, पण दहा-बारा फुटांवरून काँक्रीटवर पडणंसुद्धा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

आधी एवढं समजून घ्या

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं. आपण कठड्यावरून वाकलो तरी आपलं वजन कमरेखाली राहतं, पाय जमिनीवर टिकतात. मुलाचं तसं नाही, छाती कट्ट्याच्या वर गेली आणि ते खाली बघायला वाकलं की डोक्याच्या वजनाने सगळं अंग पुढे जातं, आणि लटकून स्वतःला धरून ठेवण्याएवढी ताकद त्या हातांत नसते. सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. म्हणून "माझं लक्ष असतं" हा उपाय नाही. लक्ष हवंच, पण लक्ष चुकेल तेव्हा काहीतरी घट्ट वस्तू मधे हवी.

आणि मच्छरजाळी ही ती वस्तू नाही. खात्री करायची असेल तर जाळीच्या कोपऱ्यात आतून अंगठ्याने जरा दाबून बघा. ती जाळी चौकटीच्या खाचेत एका बारीक रबराने बसवलेली असते, थोडा जोर लागला की रबर खाचेतून सुटायला लागतं. डास अडवायला केलेली गोष्ट आहे ती. उलट जाळी असल्यामुळे मुलाला वाटतं इथे टेकायला काहीतरी आहे, आणि आपल्यालाही वाटतं खिडकी बंद आहे. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळीही याच जातीची, हुकांवर ताणलेली असते, उन्हापावसाने कुजते. तिच्या भरवशावर मूल सोडू नका.

पहिलं काम : मेजरटेप घेऊन घरभर फिरा

एक वही घ्या आणि प्रत्येक खिडकीसाठी तीन गोष्टी लिहा. कट्टा जमिनीपासून किती उंच, खिडकी पूर्ण उघडली की मोकळी जागा किती, आणि खिडकीखाली किंवा शेजारी काय काय आहे. आमच्या बाहेरच्या खोलीचं माप असं निघालं : कट्टा ३३ इंच. ऐकायला बरं वाटतं. पण दिवाण गादीसकट १८ इंच, म्हणजे उरले १५. लेकीची उंची तेव्हा ३१ इंच. म्हणजे दिवाणावर उभी राहिली की निम्म्याहून जास्त अंग खिडकीच्या वर. हे आकडे वहीत एकाखाली एक लिहिले तेव्हा मला खरं कळलं, तोवर नुसतंच "खिडकी उंच आहे की" असं वाटायचं.

फिरताना गुडघ्यांवर बसून बघा, मुलाच्या उंचीवरून घर वेगळंच दिसतं. कपाटाचे ओढलेले खण म्हणजे पायऱ्या, कमोडचं झाकण म्हणजे स्टूल. हॉल-बेडरूम सगळ्यांच्या लक्षात येतात, राहतात त्या या : स्वयंपाकघरातल्या ओट्यामागची खिडकी, ड्राय बाल्कनी, बाथरूमच्या डक्टकडे उघडणारा झरोका, आणि घराबाहेर पॅसेजमधली किंवा जिन्याच्या वळणावरची खिडकी. ही शेवटची विसरूच नका, लिफ्टची वाट बघत आपण फोनवर असतो आणि मूल तिथेच फिरत असतं.

दुसरं काम : फर्निचर हलवा, आजच

याला पैसा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून हे आधी. पलंग, दिवाण, सोफा, टेबल, चपलांचं कपाट, खेळण्यांची पेटी, काहीही खिडकीखाली नको, आणि नुसतं दोन विती सरकवून उपयोग नाही, चांगलं तीन-चार फूट लांब हवं.

जुलै २०२५ मधे नायगावची बातमी आली होती, बाराव्या मजल्यावरची. बाहेर निघायच्या घाईत चिमुरडीला क्षणभर दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर बसवलं होतं, शेजारी खिडकी होती, ती उठून खिडकीत चढली. माझ्या आजूबाजूला तेव्हा जो तो त्या आईलाच बोलत होता आणि मला ते ऐकवत नव्हतं. चप्पल घालताना मुलाला कपाटावर बसवत नाही असं कुठलं घर आहे? चूक कुठे असेल तर कपाट खिडकीला लागून असण्यात आणि खिडकीला ग्रिल नसण्यात, आणि ती दोन्ही आपल्याला आज दुरुस्त करता येतात.

जड फर्निचर हलवलं तरी हलक्या वस्तू राहतातच. प्लास्टिकचं स्टूल, उपडी बादली, पाण्याचा मोठा कॅन, कपड्यांची बास्केट, मुलाची स्वतःची तीनचाकी. दोन वर्षांचं मूल स्टूल ओढत नेऊन हवं तिथे लावतं, आमच्या लेकबाईंनी रांगोळीचा पाट ओढत नेला होता. अशा वस्तू वापरून झाल्या की बंद दाराआड ठेवायची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी लागते.

वन आरके किंवा छोटा वन बीएचके असेल तर पलंग खिडकीखालून हलवायला जागाच नसते, मला माहितीये. अशा घरात मग पुढची दोन कामं टाळताच येत नाहीत, आणि ती होईपर्यंत ती खिडकी बंद आणि लॉक ठेवायची, गरम झालं तरी.

तिसरं काम : खिडकी चार इंचांच्या वर उघडणारच नाही असं करा

चार इंच म्हणजे साधारण १० सेंटिमीटर. अमेरिकेतल्या खिडकी-सुरक्षेच्या मानकात हेच माप आहे, एवढ्या फटीतून लहान मुलाचं अंग बाहेर जात नाही. घरातली चार इंच व्यासाची एखादी वाटी किंवा डबा शोधून ठेवा. आमच्याकडे आमटीची एक वाटी बरोबर चार इंच निघाली, मी तीच घेऊन सगळ्या फटी तपासल्या. वाटी पलीकडे जाते? मग फट मोठी आहे.

स्लायडिंग खिडकीला सगळ्यात सोपा तात्पुरता उपाय म्हणजे ट्रॅकमधे लाकडाची पट्टी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा कापून आडवा टाकायचा, म्हणजे पल्ला त्याला अडतो. पण तो तुकडा मूलही उचलू शकतं, म्हणून हा फक्त सामान येईपर्यंतचा उपाय. पक्कं काम म्हणजे ट्रॅकला स्क्रूने बसणारा स्टॉपर किंवा चावीचा लॉक, हार्डवेअरच्या दुकानात किंवा ॲल्युमिनियमवाल्याकडे मिळतो आणि फार महाग नसतो.

इथे एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती ती सांगते. स्लायडिंगचे दोन्ही पल्ले सरकतात! मी उजव्या पल्ल्याला स्टॉपर लावून निर्धास्त झाले, आणि दोन दिवसांनी नवऱ्याने सहज डावा पल्ला सरकवला तर तो पूर्ण उघडला. तेव्हा प्रत्येक पल्ल्याला वेगळा स्टॉपर, आणि लावून झाल्यावर दोन्ही बाजूंनी वाटी फिरवून बघायची. शिवाय जुन्या खिडक्यांचे पल्ले वर उचलले की ट्रॅकमधून निघतात, तसं होत असेल तर ॲल्युमिनियमवाल्याला वरच्या ट्रॅकमधेही अडथळा बसवायला सांगा.

बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या पल्ल्यांना स्टीलची केबल असलेला रिस्ट्रिक्टर मिळतो, एक टोक चौकटीला, एक पल्ल्याला. तो घेताना चावी असलेलाच घ्या, बटण दाबून सुटणारा नको, बटणं दाबणं मुलांना आपल्याआधी जमतं.

चौथं काम : ग्रिल

स्टॉपर असला तरी आपल्याला हवा लागते, खिडक्या पुसायच्या असतात, कधीतरी कुणीतरी तो काढतं आणि परत लावायचं राहतं. म्हणून माझं स्पष्ट मत, मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत तरी ज्या खिडकीपर्यंत ते पोचू शकतं त्या प्रत्येक खिडकीला पूर्ण उंचीचं ग्रिल हवं. अर्धं नाही. अर्ध्या ग्रिलवर मूल चढतं आणि वरून जातं.

न्यू यॉर्क शहरात सत्तरच्या दशकात खिडकीतून मुलं पडण्याचं प्रमाण खूप होतं. तिथल्या आरोग्य खात्याने घरोघरी जाऊन पालकांना समजावलं, फुकट ग्रिलं वाटली, ब्राँक्स भागात १९७३ ते १९७५ एवढ्यात पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. मग १९७६ मधे नियमच झाला, तीन किंवा जास्त घरांच्या बिल्डिंगमधे दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल तर मालकाने खिडक्यांना ग्रिल लावून द्यायचंच. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की लोक तेच होते, बिल्डिंगा त्याच होत्या, आया आधीही तेवढ्याच काळजी घेणाऱ्या होत्या. खिडकीत एक वस्तू आली आणि मुलं वाचली.

आता आपल्याकडे ग्रिलवाल्याशी बोलताना काय बघायचं ते.

लोखंडी ग्रिल स्वस्त आणि मजबूत, पण रंग उडाला की गंजतं, आणि मुंबई-ठाण्यापासून कोकण-गोव्यापर्यंत खाऱ्या दमट हवेत लवकर गंजतं. दर पावसाळ्यानंतर वेल्डिंगचे जोड आणि भिंतीत घुसलेली टोकं बघायची, वरून रंग छान असतो आणि जोडापाशी पापुद्रे सुटलेले असतात. स्टेनलेस स्टील महाग पण कटकट कमी, समुद्राजवळ असाल तर ३१६ ग्रेड विचारा, ३०४ पेक्षा ती खाऱ्या हवेत जास्त टिकते. ग्रिल कुठलंही असो, दोन सळयांमधली फट चार इंचांच्या आत, आणि जितकी कमी तितकी बरी. जुन्या बिल्डिंगमधल्या नक्षीच्या ग्रिलमधे फुलाच्या आणि वेलीच्या मधे एखादी मोठी फट असते, वाटी तिथेही फिरवा. मोठ्या फटीतून पाय आणि धड जातं आणि डोकं अडकतं, तेही जिवावरचंच.

पण खरा प्रश्न सळईचा नाही, ती भिंतीला कशी बसवलीये याचा आहे. मूल ग्रिलला आतून बाहेर ढकलतं. तेव्हा ग्रिलवाल्याला सरळ विचारा, "दादा, आतून जोर लागला तर हे कशावर अडणार?" ॲल्युमिनियमच्या चौकटीला छोटे स्क्रू मारून लावतो म्हणाला तर नको म्हणा. काँक्रीटमधे किंवा पक्क्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारे बोल्ट, जायला हवेत, नुसत्या टाइलमधे किंवा प्लास्टरमधे नाही. काम चालू असताना तिथे उभं राहा. आमच्याकडे एका ठिकाणी ड्रिल मारल्यावर नुसता प्लास्टरचा भुगा आला आणि ड्रिल भसकन आत गेलं, तो मुलगा म्हणाला चालेल मॅडम, मी म्हटलं नाही चालणार, दोन इंच सरकवून परत भोक पाड. त्याने पाडलं, काहीही कुरकुर केली नाही. बसवून झाल्यावर दोन्ही पाय जमिनीवर ठेवून ग्रिल हातांनी हलवून बघा, जरासुद्धा खडखडता कामा नये. अंगाचा भार मात्र टाकून बघू नका.

हल्ली इनव्हिजिबल ग्रिलची खूप चलती आहे, म्हणजे नायलॉनचं कोटिंग असलेल्या स्टीलच्या बारीक तारा वरखाली ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमधे ताणून बसवतात. सोसायट्या याला सहसा हरकत घेत नाहीत कारण बाहेरून दिसत नाही. चांगली असते पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तार म्हणजे सळई नव्हे, दोन तारा हातांनी फाकवल्या तर फट वाढते, त्यामुळे चार इंचांचं अंतर घेऊच नका, दोन इंचांचं घ्या, पैसे जास्त लागतात पण लहान मूल असेल तर तिथे वाचवू नका. आणि तारा सैल पडतात, तेव्हा वर्षातून एकदा ताण बघून घ्यायचा, घेतानाच सर्व्हिसचं बोलून ठेवा.

बॉक्स ग्रिल, म्हणजे बाहेर फूट-दीड फूट काढलेलं पिंजऱ्यासारखं, याची मला सगळ्यात भीती वाटते. त्यात आपण कुंड्या ठेवतो, जुने डबे ठेवतो, आणि मुलाला खेळायलाही बसवतो. त्याचा तळ बऱ्याचदा पातळ पट्ट्यांचा असतो, कुंड्यांचं पाणी झिरपून तिथेच आधी गंज धरतो आणि तो वरून दिसत नाही. तुमच्याकडे असेल तर मुलाला त्यात कधीच, एक मिनिटही बसवू नका.

आणि आगीचा विचार. सगळ्या खिडक्यांना कायमची ग्रिलं ठोकली आणि घरात आग लागली तर बाहेर पडायला किंवा फायर ब्रिगेडला आत यायला वाट राहत नाही. म्हणून निदान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारं दार ठेवा, कुलूप लावून, आणि चावी त्याच खोलीत मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर खिळ्याला, रोज तिथेच. घरातल्या प्रत्येक मोठ्याने ते कुलूप एकदा स्वतः उघडून बघायचं, आजी-आजोबांनी पण.

सोसायटी आणि घरमालक

बऱ्याच सोसायट्यांमधे बाहेरचं रूप बदलायला मनाई असते, म्हणून काम सुरू करायच्या आधी लेखी अर्ज द्या. अर्ज छोटा ठेवा, घरात अमुक वयाचं मूल आहे, ग्रिल खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला बसवणार, बाहेर काहीही येणार नाही, सोबत फोटो. "आतल्या बाजूला" हा शब्द कामाचा आहे, आमच्या सेक्रेटरी काकांचा चेहरा तिथेच मोकळा झाला. पोच घ्यायला विसरू नका. आणि सोसायटीच्या मीटिंगमधे जिन्यातल्या खिडक्यांचा विषयही तेव्हाच काढा, तो खर्च सगळ्यांचा आहे.

भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला आधी फोन, मग मेसेज, म्हणजे लेखी राहतं. ग्रिलला नाही म्हणाले तर स्टॉपरला सहसा नाही म्हणत नाहीत, आणि तुम्ही "जाताना भोकं बुजवून देऊ" एवढं म्हटलं की बरेच जण ऐकतात. नवीन घर बघत असाल तर ब्रोकरला पहिल्यांदाच सांगा, ग्रिल असलेलाच फ्लॅट दाखवा. पार्किंग विचारतो ना आपण, तसंच हे.

बाल्कनी

बाल्कनी खिडकीपेक्षा अवघड, कारण तिथे आपण मुलाला मुद्दाम नेतो. रेलिंगच्या पट्ट्या आडव्या असतील तर ती सरळ सरळ शिडी आहे, उभ्या असतील तर फट तपासा. कुंड्या, वॉशिंग मशीन, एसीचं बाहेरचं युनिट, कपडे वाळत घालायचं स्टँड, हे सगळं कठड्यापासून लांब. शक्य असेल तर वरपर्यंत इनव्हिजिबल ग्रिल, नसेल तर बाल्कनीच्या दाराला मुलाचा हात पोचणार नाही अशी वरची कडी, आणि ती कडी मोठं माणूस बाल्कनीत नसेल तेव्हा कायम लावलेली. नव्या टॉवरमधे जमिनीपासून काच असते तिथे बिल्डरला विचारा ती लॅमिनेटेड आहे का नुसती टफन्ड. टफन्ड फुटली तर तिचे बारीक तुकडे होऊन जागा मोकळी होऊ शकते, लॅमिनेटेड फुटली तरी मधल्या थरामुळे बहुधा जागेवर राहते.

पाचवं काम, आणि मला हे सगळ्यात अवघड गेलं

सवय. आपल्याकडे मुलाला जेवू कसं घालतात? कडेवर घेऊन किंवा खिडकीच्या कट्ट्यावर बसवून, हा बघ काऊ, ही बघ चिऊ, हा घास काऊचा, हा घास चिऊचा. बाबा ऑफिसला निघाले की धावत खिडकीत, टाटा. मिरवणूक आली की खिडकीत, पतंग की खिडकीत, पितृपक्षात कावळा यायची वाट बघायला खिडकीत. म्हणजे जगातलं जे जे छान ते खिडकीत असतं आणि तिथे चढून बसायचं असतं, हे मुलाला शिकवलं कोणी? आम्हीच. ती दिवाणावर चढली तेव्हा खोडी करत नव्हती, आम्ही रोज दाखवायचो तेच ती एकटी करत होती.

सासूबाई तिला त्याच खिडकीत बसवून वरणभात भरवायच्या, आणि मनापासून भरवायच्या, ती दुसरीकडे खातच नसे. मी त्यांना नियम सांगायला गेले नाही. तिचे तळवे कसे काळे झाले होते ते सांगितलं, आणि दिवाणावर कुठे उभी राहिली असेल ते हात लावून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, मीच तिला तिथे उभं राहायला शिकवलं." मी म्हटलं, "आई, आपण सगळ्यांनीच." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच बाल्कनीच्या बंद काचेच्या दारासमोर आत चटई टाकली, दोघी खाली बसायच्या, काऊ तिथूनही दिसतो. दोन दिवस जेवली नाही नीट, तिसऱ्या दिवसापासून जेवायला लागली.

ग्रिल लागल्यावरही कट्ट्यावर बसवणं आम्ही परत सुरू केलं नाही, आणि तुम्हीही करू नका. कारण ग्रिल तुमच्या घरी आहे, मावशीकडे नाही, आजोळी नाही. मुलाला ग्रिल कळत नाही, त्याला एवढंच कळतं की खिडकीला टेकून उभं राहायचं असतं.

अजून दोन गोष्टी घरात सगळ्यांशी बोलून ठरवा, कामाला येणाऱ्या ताईंशी पण. एक, मूल झोपलंय म्हणून बाहेरून कुलूप लावून "पाच मिनिटांत येते" करत खाली जायचं नाही, दूध आणायला नाही, कचरा टाकायला नाही. मूल जागं होतं, आई दिसत नाही, आणि आई शोधायला ते जातं खिडकीत, कारण टाटा तिथूनच करतात. झोपलेल्याला उचलून सोबत न्या किंवा शेजारच्या काकूंना येऊन बसायला सांगा. दोन, भावंडांवर जबाबदारी टाकायची नाही. सात वर्षांचा दादा दोन वर्षांच्या बहिणीला कितीही जपत असला तरी तो तिला खिडकीतलं कबूतर दाखवायला उचलणारच.

दुसऱ्याच्या घरी, गावी, हॉटेलात

पोचल्यावर बॅगा ठेवायच्या आधी खिडक्या बघायच्या, पाहुणचार नंतर. गावच्या जुन्या घरात माडीच्या खिडक्या खूप खाली असतात, बसून बाहेर बघता यावं म्हणून, आणि गच्चीला कधी कधी कठडाच नसतो. अशा वेळी संकोच करू नका, "काकू, एवढी माडीची कडी लावून घेऊ का, ही फार चढते" एवढं म्हणायचं, कोणाला राग येत नाही. हॉटेलात रूम खालच्या मजल्यावर मागा, खिडकीजवळची खुर्ची-टेबल हलवा, बाल्कनीच्या दाराची कडी झोपायच्या आधी स्वतः बघा.

आणि तरीही पडलं तर

उचलू नका, हलवू नका, उभं करून बघू नका. मान-पाठीला मार असू शकतो. श्वास चालू आहे ना बघा, रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा, पाणी पाजू नका, आणि १०८ ला फोन करा, तो लागत नसेल तर ११२. कुणाला तरी गेटवर उभं करा म्हणजे ॲम्ब्युलन्सला विंग शोधावी लागणार नाही. उंचावरून पडलेलं मूल रडून शांत झालं, हसायला लागलं तरी हॉस्पिटलमधे न्यायचंच, डोक्याच्या आतला आणि पोटातला मार वरून दिसत नाही. पुढचा दिवसभर सारख्या उलट्या, गुंगी, झटका, नाका-कानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच परत डॉक्टर.

वहीतली मापं दर तीन-चार महिन्यांनी परत घ्या, कारण खिडकी तेवढीच राहते आणि मूल वाढतं. आम्ही दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची रेघ मारतो त्याच दिवशी वाटी घेऊन खिडक्यांची फेरीही मारतो. गेल्या वेळी बेडरूमचा एक स्टॉपर सैल निघाला, स्क्रूचा आटा गेला होता. आणि दिवाळीच्या साफसफाईत नीट बघा. पल्ले धुवायला बाथरूममधे नेलेले असतात, जाळ्या गच्चीवर वाळत असतात, रंगारी ग्रिल मोकळं करतो, आकाशकंदील लावायला स्टूल खिडकीशी नेलेलं असतं आणि घरभर पाहुणे. त्या दोन-तीन दिवसांत ज्या खोलीची खिडकी उघडी आहे तिचं दार बंद, बाहेरून वरची कडी, आणि मूल कोणाकडे आहे हे दर वेळी नाव घेऊन विचारायचं. "आहे कोणाकडे तरी" हे उत्तर चालवून घ्यायचं नाही.